अतिनिवडक विद्यापीठांतील प्रवेशाची शक्यता कशी पारखावी?

निगडीवासी

नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका सीबीएसई शाळेत अकरावीत शिकते. तिला गणिताची मनापासून ओढ आहे आणि पदवीचे शिक्षण गणितातच घ्यायचे हे तिने ठरवले आहे. दहावीला तिला ९७ टक्के गुण होते आणि अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेत १६०० पैकी १५२० गुण मिळाले आहेत. गणित ऑलिम्पियाडच्या आयओक्यूएम या पहिल्या परीक्षेतून तिची आरएमओ या प्रादेशिक फेरीसाठी निवड झाली होती, मात्र त्यापुढे ती गेली नाही. आमच्या वसाहतीत घरकामाला येणाऱ्या महिलांच्या मुलांना ती दर शनिवारी गणित शिकवते. आमचे दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न साधारण ३० लाख रुपये आहे.

परदेशी प्रवेशांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या एका संस्थेने आम्हाला लेखी अहवाल दिला आहे. त्यात हार्वर्डसाठी २० टक्के, एमआयटीसाठी २५ टक्के, प्रिन्स्टनसाठी २५ टक्के आणि ऑक्सफर्डसाठी ४० टक्के अशा शक्यता दिल्या असून, या चारपैकी किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता ७३ टक्के असल्याचे म्हटले आहे. या आकड्यांवर विश्वास ठेवून जेईईची तयारी थांबवावी आणि तो वेळ अर्जांना द्यावा, असा त्यांचा सल्ला आहे. असे आकडे खरोखर काढता येतात का? येत असतील तर कशाच्या आधारे, आणि येत नसतील तर आमच्यासारख्या पालकांनी निर्णय कशावर घ्यावा? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रिन्स्टन जंक्शन

ताई, मी न्यू जर्सीत राहते. ज्या विद्यापीठात मी शिकले त्याच्यासाठी अर्जदारांच्या मुलाखती घेण्याचे काम मी अनेक वर्षे स्वेच्छेने करते आहे. मुलाखत घेणाऱ्यांच्या हाती निर्णय नसतो, आम्ही केवळ अहवाल पाठवतो. मला सर्वार्थाने लायक वाटलेल्या मुलांपैकी बहुतेकांना नकार मिळतो, हे मी दरवर्षी पाहते. त्यामुळे तुम्हाला दिलेले आकडे वाचून मला काळजी वाटली.

आधी ढोबळ चित्र पाहू. २०२४ साली हार्वर्डमध्ये ५४,००८ अर्जांमधून १,९३७ जणांना, म्हणजे साधारण ३.६ टक्के अर्जदारांना प्रवेश देऊ करण्यात आला. त्याच वर्षी एमआयटीत २८,२३२ अर्ज आले आणि १,२८४ जणांची निवड झाली, म्हणजे साडेचार टक्के. ही झाली सर्वांची सरासरी, आणि तुमच्या मुलीला ती लागू होत नाही. एमआयटी अमेरिकी आणि परदेशी अर्जदारांची आकडेवारी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. तिथे परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण वर्गाच्या एक दशांशाच्या आसपास राखले जाते, तर परदेशांतून येणारे अर्ज मात्र फार मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे परदेशी अर्जदारांचा निवडीचा दर सुमारे २ टक्के इतकाच राहतो. अहवालातील २५ टक्के हा आकडा त्याच्या बारापट आहे. सर्वसाधारण परदेशी अर्जदारापेक्षा आपली मुलगी इतकी पुढे आहे असे मानायला तसाच सबळ आधार हवा, आणि तुम्ही दिलेल्या माहितीत तो मला दिसला नाही.

दुसरा मुद्दा गुणांचा. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यामुळे, ज्याचा अंतिम निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी दिला, प्रवेशप्रक्रियेतील बरीच अंतर्गत माहिती उघड झाली. २०१५ साली प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी अर्ज करणाऱ्यांमध्ये शाळेचे गुण परिपूर्ण असलेले ८,००० हून अधिक विद्यार्थी होते, सुमारे २,७०० जणांना एसएटीच्या भाषा विभागात पैकीच्या पैकी गुण होते आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांची संख्या त्याहूनही जास्त होती. जागा मात्र दोन हजारांच्या आतच. तिथे प्रत्येक अर्जाला अभ्यास, अन्य उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी वेगवेगळे दर्जे दिले जातात आणि त्यांत १ हा सर्वोच्च असतो. अभ्यासात १ हा दर्जा एक टक्क्याहूनही कमी अर्जदारांना मिळतो. उत्तम गुण आणि उत्तम एसएटी असलेला विद्यार्थी बहुधा २ या दर्जात मोडतो, आणि त्या दर्जात एकूण अर्जदारांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक होते. ९७ टक्के आणि १५२० हे गुण तुमच्या मुलीला या मोठ्या गटात नेऊन बसवतात. त्या गटातून पुढे कोणाला उचलायचे हे ठरवताना गुणांचा उपयोग जवळजवळ संपलेला असतो.

आणखी एक गोष्ट भारतातील पालकांना क्वचितच सांगितली जाते. त्याच खटल्यातील सहा वर्षांच्या आकडेवारीनुसार, अमेरिकी अर्जदारांपैकी विद्यापीठाच्या संघांसाठी निवडलेल्या खेळाडूंचा प्रवेशदर ८६ टक्के होता आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा सुमारे ३३ टक्के. देणगीदारांशी संबंधित असलेली आणि प्राध्यापकांची मुलेही अशाच अनुकूल गटांत येतात. हे सारे गट बाजूला काढले की उरलेल्या सामान्य अर्जदाराचा दर प्रसिद्ध सरासरीपेक्षा आणखी खाली जातो. एमआयटी मात्र माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना असे झुकते माप देत नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवे.

सांख्यिकीचा विद्यार्थी

वरील प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. मी केवळ त्या ७३ टक्क्यांविषयी लिहितो, कारण पालकांना सर्वाधिक भुरळ घालणारा आकडा तोच आहे.

तो कसा काढला हे स्पष्ट दिसते. चारही ठिकाणी नकार मिळण्याच्या शक्यता ०.८०, ०.७५, ०.७५ आणि ०.६० धरून त्यांचा गुणाकार केला, तो ०.२७ आला आणि तो एकातून वजा केला. अंकगणित बरोबर आहे, पण त्यामागचे गृहीतक टिकणारे नाही. हा गुणाकार चारही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील तिन्ही ठिकाणी तीच गुणपत्रिका, तीच शिफारसपत्रे, तेच उपक्रम आणि बऱ्याच अंशी तेच निबंध जातात. शिक्षकांचे पत्र निस्तेज असेल तर ते सगळीकडेच निस्तेज असते. एका ठिकाणचा नकार दुसऱ्या ठिकाणच्या नकाराची शक्यता वाढवतो, आणि एका ठिकाणची निवड दुसऱ्या ठिकाणच्या निवडीची.

'जास्त अर्ज करा, कुठेतरी लागेलच' या समजुतीचेही मूळ याच गृहीतकात आहे. कॉमन अ‍ॅपमधून, म्हणजे अनेक महाविद्यालयांसाठीच्या सामाईक अर्जातून, जास्तीत जास्त वीस महाविद्यालयांना अर्ज करता येतो. प्रत्येक ठिकाणी ४ टक्के शक्यता आहे आणि सर्व निर्णय स्वतंत्र आहेत असे मानले, तर किमान एका प्रवेशाची शक्यता ५६ टक्के येते. हा आकडा ऐकून पालक निश्चिंत होतात. परंतु ४ टक्के ही अर्जदारांच्या एका समूहाची सरासरी असते. त्या समूहातील काही थोड्या मुलांना अनेक ठिकाणांहून बोलावणे येते आणि बहुसंख्य मुलांना एकाही ठिकाणाहून येत नाही. आपले मूल यांपैकी कोणत्या बाजूला आहे हे माहीत नसताना ५६ हा आकडा त्याच्या नावावर लिहिणे चुकीचे आहे. अर्ज वाढवल्याने शक्यता काहीशी वाढते हे खरे, कारण प्रत्येक ठिकाणचे वाचक आणि त्या वर्षीच्या गरजा वेगळ्या असतात. मात्र ती वाढ गुणाकार दाखवतो त्याहून बरीच कमी असते, आणि विसाव्या अर्जाच्या निबंधांपर्यंत येता येता मूल इतके थकलेले असते की त्या लेखनाचा दर्जाही घसरतो.

मग अंदाज बांधायचा कसा? आपल्या मुलाला लागू पडणारा, शक्य तितका लहान समूह शोधावा: परदेशी अर्जदार, त्यांतही भारतातून येणारे, त्यांतही आर्थिक साहाय्य मागणारे, त्यांतही आपला विषय निवडणारे. त्या समूहाचा दर हा आरंभबिंदू धरावा आणि तिथून वर सरकण्यासाठी प्रत्येक पावलाला पुरावा मागावा. 'माझी मुलगी वेगळी आहे' हा पुरावा होत नाही. ज्या समूहाशी तुलना होणार आहे त्यातील बहुतेकांकडे नसलेली अशी एखादी गोष्ट तिच्याकडे आहे, हा पुरावा होतो. असा अंदाज शेवटी 'दोन ते पाच टक्क्यांच्या दरम्यान' अशा पट्ट्यात सांगता येतो. त्याहून अधिक नेमकेपणाचा दावा करणाऱ्याने आपली पद्धत उघड करावी.

निगडीवासी

दोघांचेही मनापासून आभार. आरएमओपर्यंत पोहोचणे हा तसा पुरावा ठरेल का? आणि विद्यापीठे आपली काही माहिती स्वतः प्रसिद्ध करतात का, जी आम्ही थेट वाचू शकू?

मानखुर्द लोकल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ऑलिम्पियाडच्या वाटेवरून मी स्वतः गेलो आहे. आयओक्यूएम, आरएमओ, आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी आणि त्यानंतरचे प्रशिक्षण शिबिर अशी ही साखळी आहे आणि तिचे केंद्र मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आहे. शेवटी देशाच्या संघात सहा विद्यार्थी जातात. एमआयटीसारख्या संस्थेत अर्ज वाचणाऱ्यांना या पायऱ्या ठाऊक असतात. संघात निवड होणे किंवा शिबिरापर्यंत जाणे ही गोष्ट अर्जाला खरोखर वेगळ्या समूहात नेते. आरएमओपर्यंत जाणे कौतुकास्पद आहे, परंतु भारतातून गणितासाठी अर्ज करणाऱ्यांत तेवढे केलेली मुले पुष्कळ असतात, आणि त्याच समूहात शिबिराला जाऊन आलेली मुलेही असतात.

मात्र मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मुलगी अकरावीत आहे. वयाच्या आणि इयत्तेच्या अटींत बसत असेल, तर तिने पुन्हा ही परीक्षा द्यावी. आयएनएमओमध्ये पुरस्कार मिळाला, तर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या गणित व सांख्यिकीच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीला बोलावले जाते. गणितातच पुढे जायचे ठरवलेल्या मुलीसाठी ही संस्था किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट हे नाइलाजाने पत्करायचे पर्याय नाहीत. तिथून पदवी घेऊन जगातील उत्तम विद्यापीठांत संशोधनासाठी गेलेली मुले मी पाहिली आहेत. त्या अहवालात या दोन संस्थांचा उल्लेखही नसावा, याचे मला वाईट वाटते.

प्रिन्स्टन जंक्शन

दुसऱ्या प्रश्नाविषयी. बहुतेक अमेरिकी विद्यापीठे दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यातील 'सी' हा विभाग प्रवेशाचा असतो. किती अर्ज आले, किती जण निवडले गेले, प्रतीक्षायादीवर किती होते आणि तिथून किती जण आत आले, हे त्यात असते. शिवाय गुण, शिफारसपत्रे, निबंध, उपक्रम, मुलाखत, आईवडील माजी विद्यार्थी असणे, विद्यापीठाविषयी दाखवलेली उत्सुकता अशा घटकांपुढे 'अतिमहत्त्वाचे', 'महत्त्वाचे', 'विचारात घेतले जाते' किंवा 'घेतले जात नाही' अशा खुणा केलेल्या असतात. एखाद्या विद्यापीठात उत्सुकतेला मुळीच स्थान नसेल, तर त्यांच्या प्रत्येक ऑनलाइन परिसंवादाला हजेरी लावण्यात मुलीचे रविवार घालवण्याचे कारण नाही.

तिथेच प्रवेश घेतलेल्यांच्या एसएटी गुणांचा मधला पट्टाही दिलेला असतो. हार्वर्डचा पट्टा साधारण १५०० ते १५८० असा आहे. यावरून १५२० हे गुण पुरेसे आहेत असे अनेकजण म्हणतात. मला तो पट्टा तसा वाचावासा वाटत नाही. त्याच्या खालच्या टोकाला खेळाडू आहेत, अडचणीच्या परिस्थितीतून आलेली मुले आहेत, एखाद्या कलेत असामान्य असलेली मुले आहेत. पुण्यातील चांगल्या शाळेतून गणितासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थिनीची तुलना त्या टोकाशी होणार नाही. गणिताच्या विभागात तिचे गुण ८०० च्या किती जवळ आहेत, हे एकूण बेरजेपेक्षा अधिक पाहिले जाईल. एमआयटीने २०२२ मध्ये ही परीक्षा पुन्हा अनिवार्य केली ती मुख्यतः गणिताच्या तयारीची खात्री पटावी म्हणूनच.

आणि एका गोष्टीकडे भारतात फार दुर्लक्ष होते. नववीपासूनचे गुण पाठवावे लागतात आणि बारावीचे अंदाजित गुण शाळेला द्यावे लागतात, कारण विद्यापीठांचे निकाल मार्चअखेर लागतात तेव्हा बोर्डाचा निकाल आलेला नसतो. शाळेत समुपदेशक आहे का, शाळेची ओळख करून देणारे पत्रक कोण लिहिणार आणि गणिताच्या शिक्षकांनी याआधी अशी पत्रे लिहिली आहेत का, याची चौकशी आत्ताच करा. 'ही विद्यार्थिनी हुशार, नम्र आणि कष्टाळू आहे' एवढेच सांगणारे पत्र चांगल्या मुलीला त्या चाळीस टक्क्यांत सोडून देते. एखादा प्रश्न तिने वर्गात न शिकवलेल्या मार्गाने कसा सोडवला, चुकल्यावर दुसऱ्या दिवशी काय घेऊन आली, असे काही प्रत्यक्ष सांगणारे पत्र वाचणाऱ्याला थांबवते. शिक्षकांना हे सांगायला संकोच वाटतो, पण आपण विचारले नाही तर त्यांना कळणार कसे?

मुळशीकर

आतापर्यंत पैशाचा मुद्दा बाजूला राहिला आहे. माझ्या मते तुमच्या बाबतीत तोच निर्णायक आहे.

हार्वर्डसारख्या ठिकाणी राहण्याजेवणासह वर्षाचा खर्च ८५,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. आजच्या विनिमयदराने ही रक्कम वर्षाला सत्तर लाख रुपयांच्या वर जाते आणि शिक्षण चार वर्षांचे असते. तुमच्या उत्पन्नात हे शक्य नाही, त्यामुळे साहाय्य मागावेच लागेल. ते मागितल्याने प्रवेशाची शक्यता कमी होते की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाच्या धोरणावर अवलंबून आहे. परदेशी अर्जदारांच्या बाबतीतही आर्थिक गरज न पाहता निर्णय घेणारी आणि नंतर गरज पूर्ण भागवणारी विद्यापीठे मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही त्यांतली जुनी नावे. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन यांनी तेच धोरण स्वीकारले, आणि २०२५ साली प्रवेश घेणाऱ्यांपासून ब्राउननेही. तिथे तुमच्यासारख्या कुटुंबाला प्रवेश मिळाला तर भरावी लागणारी रक्कम भारतातील एखाद्या खासगी विद्यापीठाच्या शुल्काहूनही कमी असू शकते, मात्र उत्पन्नाबरोबर घर, जमीन आणि ठेवी यांचीही माहिती द्यावी लागते.

स्टॅनफर्डसह उरलेल्या बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदाराने साहाय्य मागितले की ते निर्णयात धरले जाते. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना गरजेनुसार साहाय्य जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे तिथे प्रवेश मिळूनही जाता येणार नाही. अनेक ठिकाणी असाही नियम आहे की प्रवेशाच्या वेळी साहाय्य मागितले नाही, तर पुढील वर्षांत मागता येत नाही. 'आधी प्रवेश मिळवू, पैशाचे नंतर बघू' असा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नका.

याच संदर्भात एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील बारा अतिनिवडक विद्यापीठांची आकडेवारी तपासली. एसएटीचे गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले तिथे शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असल्याचे त्यांना आढळले. हा अभ्यास अमेरिकी विद्यार्थ्यांचा आहे, पण समान गुणांना समान शक्यता असते ही आपल्याकडची समजूत त्याने पुरती मोडीत निघते.

टेम्सकाठ

ऑक्सफर्डच्या ४० टक्क्यांविषयी मी लिहितो. इंग्लंडमधील पद्धत वेगळी आहे आणि ती त्यातल्या त्यात अंदाज बांधण्याजोगी आहे. इथे विषयासाठी अर्ज होतो, आणि निवड त्या विषयाचे अध्यापकच करतात. शनिवारी मुलांना शिकवणे हे चांगले काम आहे, पण त्याला इथे फारसे वजन मिळणार नाही. गणिताची लेखी चाचणी आणि मुलाखत यांतच बहुतेक निर्णय होतो. ऑक्सफर्डला दरवर्षी तेवीस हजारांच्या आसपास अर्ज येतात, त्यांतील सुमारे दहा हजार जणांना मुलाखतीला बोलावतात आणि जागा साधारण ३,३०० असतात. म्हणजे मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या अर्जदाराची शक्यता ढोबळमानाने तीनात एक असते. ४० टक्के हा आकडा मुलाखतीचे बोलावणे आल्यावर कोणी सांगितला असता, तर मी त्याला आशावादी म्हटले असते. आज तो सांगणे अनाठायी आहे. विषयानुसारही मोठा फरक पडतो. संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्र-व्यवस्थापन यांची स्पर्धा अतितीव्र आहे, तर ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासक्रमांना जागांच्या मानाने कितीतरी कमी अर्ज येतात.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो आणि मुदत १५ ऑक्टोबरची असते. केंब्रिजमध्ये गणितासाठी स्टेप या कठीण परीक्षेतील श्रेणीची अट असते. ऑलिम्पियाडची गोडी असलेल्या मुलीने या चाचण्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून पाहाव्यात, त्या मोफत उपलब्ध आहेत. कोणत्याही अहवालापेक्षा तिला त्यातून आपली जागा अधिक खरेपणाने कळेल. मात्र परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क वर्षाला चाळीस हजार पौंडांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते आणि पदवीसाठी शिष्यवृत्त्या फार थोड्या आहेत, त्यामुळे मुळशीकरांचा मुद्दा इथे अधिकच तीव्रतेने लागू होतो.

सातारा रोड

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या प्रक्रियेचे नियमच उघड नाहीत, तिच्यातील शक्यतांची चर्चा मुलांसमोर करूच नये असे मला वाटते. आपल्याकडे जोसाची, म्हणजे आयआयटी आदींच्या जागावाटपाची, शेवटची क्रमवारी दरवर्षी जाहीर होते. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्राची खुल्या गटातील यादी सत्तरीच्या आत थांबते, हे सर्वांना माहीत असते, आणि त्यामुळे मूल आपल्या सराव परीक्षांवरून स्वतःच अंदाज घेते. अमेरिकेच्या बाबतीत मात्र नकार आला की 'माझ्यातच काही कमी आहे' असे मूल मानून बसते, आणि नेमके काय कमी होते हे त्याला कोणीच सांगत नाही. माझ्या नात्यातील एका मुलाने या नकारांनंतर वर्षभर कोणाशी धड संवाद केला नव्हता. अशा वेळी दोन टक्के आणि वीस टक्के यांच्या चर्चेने काय साधते?

सांख्यिकीचा विद्यार्थी

सातारा रोड, तुमची कळकळ पूर्णपणे पटते, परंतु निष्कर्ष पटत नाही. त्या मुलाला आरंभीच कोणी सांगितले असते की तुझ्यासारख्या शंभर लायक मुलांपैकी तीन-चार जणांनाच जागा मिळते, तर नकाराचा अर्थ त्याने वेगळा लावला असता. चुकीच्या आकड्याने नकार हा अपयश वाटू लागतो. २५ टक्के सांगितलेल्या ठिकाणी चार वेळा नकार आला की मूल स्वतःला दोष देते. बरोबर पट्टा माहीत असला, तर तेच चार नकार अपेक्षित असतात.

शिवाय ताईंना एक ठोस निर्णय घ्यायचा आहे: जेईई थांबवायची की नाही. त्यासाठी टक्केवारीचा नेमकेपणा लागत नाही, केवळ ढोबळ आकारमान पुरते. शक्यता साठ-सत्तर टक्के असती तर तयारी थांबवण्याचा विचार समजण्यासारखा होता. ती एक आकडी असेल, तर देशातील मार्ग बंद करण्याचे समर्थन होऊ शकत नाही. निकालांचा क्रमही आपल्या बाजूने आहे. अमेरिकेचे नियमित निकाल मार्चअखेरीस लागतात आणि होकार कळवण्याची मुदत बहुधा १ मेपर्यंत असते. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची संस्था यांच्या प्रवेशपरीक्षा मे महिन्यात, तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड त्याच सुमारास होते. खरी ओढाताण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात होते, कारण तेव्हा निबंध, बोर्डाची तयारी आणि जेईई मेनची पहिली फेरी एकत्र येतात. म्हणून मुख्य निबंध बारावी सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात लिहून काढावा आणि अर्जांची संख्या मर्यादित ठेवावी.

मानखुर्द लोकल

यात एवढीच भर घालतो की गणितात पदवी करायची असेल, तर जेईईच्या भौतिक-रसायनासाठी दोन वर्षे खर्ची घालावीत का, हाही स्वतंत्र प्रश्न आहे. सांख्यिकी संस्था आणि चेन्नई यांच्या परीक्षांत सिद्धता लिहाव्या लागतात. ती तयारी ऑलिम्पियाडच्या आणि इंग्लंडच्या चाचण्यांच्या तयारीला जवळची आहे. एकाच अभ्यासातून तीन दारे उघडी राहत असतील, तर तो अभ्यास आधी करावा.

निगडीवासी

काल रात्री मुलीसोबत बसून हे सर्व प्रतिसाद वाचले. शक्यता एक आकडी आहे हे वाचून ती खचेल अशी मला भीती होती. प्रत्यक्षात तिचा पहिला प्रश्न होता की सांख्यिकी संस्थेच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतील. तिच्याशी बोलून आम्ही असे ठरवले आहे: आयओक्यूएम पुन्हा द्यायची, सांख्यिकी संस्था आणि चेन्नई यांना प्रथम प्राधान्य द्यायचे, आणि जेईई मेन द्यायची पण निवासी वर्गात नाव घालायचे नाही. परदेशी विद्यापीठांत केवळ गरज न पाहता निर्णय घेणाऱ्या पाच-सहा ठिकाणी अर्ज करायचा. प्रिन्स्टनचे गणित तिला सर्वाधिक आवडते, म्हणून तिथे १ नोव्हेंबरच्या आगाऊ फेरीत अर्ज करावा असे वाटते. पण त्या फेरीत अर्ज केल्यास दुसरीकडे कुठेही लवकर अर्ज करता येत नाही असे ऐकले. मग ऑक्सफर्डचा १५ ऑक्टोबरचा अर्ज सोडावा लागेल का? शुल्काचा प्रश्न आहेच, तरीही तिला ती लेखी चाचणी देऊन पाहायची आहे.

प्रिन्स्टन जंक्शन

सोडावा लागणार नाही. प्रिन्स्टनच्या आगाऊ फेरीत अर्ज करणाऱ्याला अमेरिकेतील अन्य खासगी विद्यापीठांच्या आगाऊ फेऱ्यांत अर्ज करता येत नाही, म्हणजे येल किंवा हार्वर्डला तिने नियमित फेरीतच जावे. सरकारी विद्यापीठे आणि अमेरिकेबाहेरील विद्यापीठे यांना मात्र, तो अर्ज बंधनकारक नसल्यास, सूट आहे. आगाऊ फेरीचा निर्णय डिसेंबरच्या मध्यावर येतो. त्यात होकार मिळाला तरी तो तिच्यावर बंधनकारक नसतो, आणि निर्णय पुढे ढकलला गेला तर अर्ज नियमित फेरीत पुन्हा वाचला जातो. त्या वेळी आयओक्यूएमचा नवा निकाल हाती असेल, तर तो शाळेच्या समुपदेशकाकरवी जानेवारीच्या आरंभीच कळवा. आर्थिक साहाय्याचे अर्जही नोव्हेंबरच्या मुदतीतच भरायचे असतात. दोघांच्या आयकर विवरणपत्रांच्या आणि वेतनाच्या प्रती सप्टेंबरमध्येच तयार ठेवा.